शाळेत वायफाय आल्यापासून मुलीचं डोकं दुखतंय, निवेदनावर सही करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. देवगड तालुक्यातल्या तुमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर वायफाय बसवलं. पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की या लहरींनी मुलांना ब्रेन ट्यूमर होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, म्हणून फ्रान्सने शाळांत बंदीच घातली. चौथीतली तुमची मुलगी दोन आठवडे डोकं दुखतं म्हणतेय. वायफाय काढून टाका असं निवेदन पालक शाळेला देणार आहेत आणि त्यावर सही करावी का, असं तुम्ही विचारलंय.

सही करू नका. मुलीची डोकेदुखी मात्र अंगावर काढू नका. ती खरी आहे, आणि राउटर भिंतीवरून उतरवल्याने ती थांबेल असं मला वाटत नाही. का ते सांगतो.

मी टेलिफोनच्या खात्यात 31 वर्षं काढली, सगळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची वर्षं टॉवर आणि फायबरवर होतो. आता निवृत्त आहे. आसपासच्या शाळांना नेटची जोडणी करायला कोणी बोलावलं तर जातो, पैसे घेत नाही.

राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. फेब्रुवारीत राउटर बसला आणि मार्चच्या मध्यापासून मुलं डोकं दुखतं म्हणायला लागली. पालकसभेत आरडाओरडा झाला. मुख्याध्यापिकाबाई शहाण्या होत्या, त्यांनी वाद घातला नाही. राउटरचा प्लग काढून कपाटात ठेवला आणि वर्गशिक्षकांना एक वही दिली: कोणाचं डोकं दुखलं, किती वाजता, सकाळी काय खाल्लं, पाणी किती प्यालं. आठ दिवस शाळेत वायफाय नव्हतं, तरी डोकी दुखतच राहिली. वही मला दाखवली तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. दुखणारी बहुतेक पाचवी ते सातवीतल्या मुलींची नावं होती, आणि वेळ जवळजवळ नेहमी दुपारी दोननंतरची.

बाईंनी मुलींना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं. शाळेची विहीर आटत आली होती, संडासात पाणी नव्हतं, म्हणून मुली घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. वर पत्र्याचं छप्पर आणि एप्रिल तोंडावर. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभ्यातून सगळं पाणी खाली निघून जातं आणि मार्च-एप्रिलला विहिरी तळ दाखवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्रामपंचायतीने एक टाकी बसवून दिली, दिवसाआड टँकर सुरू केला. डोकेदुखीच्या नोंदी कमी होत गेल्या. दोन मुलींचं डोकं तरीही दुखत होतं, त्यातल्या एकीला चष्मा लागला. राउटर पुन्हा लावला, तो अजून चालू आहे.

त्या मुली खोटं बोलत नव्हत्या, आणि त्यांचे पालकही नाहीत. दुखणं होतं, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलं होतं. राउटर काढून सगळे तेवढ्यावरच थांबले असते आणि मुलींना कोणी विचारलंच नसतं, तर वायफाय गेलं असतं आणि त्या तशाच तहानलेल्या राहिल्या असत्या. हे आठवलं की मला अजून अस्वस्थ होतं.

आता मेसेजमधल्या दाव्यांकडे येतो.

ब्रेन ट्यूमरचा धागा इथून येतो. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधल्या लिओंला 14 देशांचे 31 शास्त्रज्ञ बसवले आणि रेडिओ लहरींना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या 2बी गटात टाकलं. हे खरं आहे. त्यामागचा मुख्य पुरावा होता कानाला मोबाईल लावून वर्षानुवर्षं खूप बोलणाऱ्या माणसांचा, आणि तो मर्यादित आहे असं त्यांनीच लिहिलं. त्याच 2बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की ठरलेल्यांत, सुपारी आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या अभिमानाने आपण पाहुण्यापुढे ठेवतो, ती. चुलीच्या लाकडाचा धूर त्याच संस्थेच्या 2ए गटात आहे, म्हणजे वायफायच्या एक पायरी वर. ज्या घरात न्हाणीघराच्या चुलीपाशी पोरं शेकत बसतात तिथे खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ती आहे.

2011 नंतर बरंच काम झालं. मोबी-किड्स नावाचा अभ्यास 14 देशांत झाला, त्यात भारतही होता. 10 ते 24 वयाच्या, मेंदूत गाठ झालेल्या जवळपास 900 मुला-तरुणांची अशी गाठ नसलेल्यांशी तुलना केली. मोबाईल वापर आणि गाठ यांचा संबंध सापडला नाही. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा आला, 63 अभ्यासांचा, त्याचाही निष्कर्ष तोच. विरुद्ध बाजूचंही सांगतो. अमेरिकेत 2018 साली उंदरांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या. त्या उंदरांना रोज नऊ तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर लहरी दिल्या होत्या, आणि त्या फोनच्या मर्यादेपेक्षाही तीव्र. वर्गातल्या राउटरशी त्याची तुलना होत नाही.

का होत नाही, तर आकड्यांमुळे. वायफायच्या राउटरची ताकद साधारण 0.1 वॅट. मेसेजमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हनची भीती घातलेली असते, दोघांची फ्रिक्वेन्सी जवळपास एकच म्हणून. ओव्हन 800 वॅटचा असतो आणि ती सगळी शक्ती बंद लोखंडी पेटीत कोंडलेली असते. राउटरच्या लहरी चहूकडे पसरतात आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. बाकापासून राउटर तीन मीटरवर धरला, तो सतत पूर्ण ताकदीने ओरडतोय असंही धरलं, तरी मुलापर्यंत चौरस मीटरला 0.0009 वॅटच्या आसपास पोचतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे 10 वॅट. भारताने सप्टेंबर 2012 मध्ये टॉवरसाठी ती एक दशांश केली, म्हणजे 1 वॅट. त्या कडक मर्यादेच्याही हजारपट खाली आपण आहोत. शिवाय राउटर सतत बोलत नसतो. इंग्लंडमधल्या शाळांत प्रत्यक्ष मोजलं तेव्हा राउटर सरासरी पाच टक्केच वेळ लहरी सोडत होते, आणि लॅपटॉप एक टक्क्याहूनही कमी.

आणि या लहरींच्या एका कणात शक्ती किती? दिव्याच्या उजेडाच्या कणात तिच्या सुमारे दोन लाख पट असते. एक्स-रे पेशीतली रसायनं तोडू शकतो, कारण त्याचा एकेक कण तेवढा जोरकस असतो. वायफायचा कण ते करू शकत नाही. फार ताकद लावली तर या लहरी अंग गरम करतात, आणि मर्यादा त्या गरम होण्याच्याही बरीच अलीकडे आखलेल्या आहेत.

लहान मुलांची कवटी पातळ असते, हे मेसेजमधलं वाक्य चूक नाही. कानाला लावलेल्या फोनच्या बाबतीत ते महत्त्वाचंही आहे. म्हणून मी नातवाला फोन कानाला लावू देत नाही, स्पीकरवर बोल म्हणतो.

इथेच ते निवेदन मला खटकतं. टॉवर लांब असला, मध्ये डोंगर आला, की फोन आपली ताकद वाढवून टॉवरला गाठायचा प्रयत्न करतो. फोरजी फोन 0.2 वॅटपर्यंत जातो. रेंज चांगली असली तर तोच फोन शेकडो पटींनी कमी ताकदीत काम भागवतो. आपल्या खाडीकाठच्या आणि घाटाखालच्या गावांत एक काडी रेंज म्हणजे फोन कायम चढ्या आवाजात. शाळेतला राउटर काढलात तर नेटचं काम थांबणार नाही. गुरुजी आपला मोबाईल हॉटस्पॉट करून टेबलावर ठेवतील, पाच मुलं त्याभोवती डोकी घालतील, आणि तो फोन टॉवरशी बोलताना आणि मुलांशी बोलताना, दोन्हीकडे लहरी सोडेल. फायबरला जोडलेला, भिंतीवर उंच बसवलेला राउटर मुलांपर्यंत याहून किती तरी कमी लहरी पोचवतो. निवेदनाला जे टाळायचं आहे तेच त्याने वाढेल.

2020 साल आठवा. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे टॉवर आडवे झाले, कित्येक दिवस फोन लागेना. त्याच महिन्यांत शाळा मोबाईलवर आल्या. सिंधुदुर्गात मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून, पावसात खोपी बांधून अभ्यासाला बसली. आमच्या वाडीतली दोन पोरं त्या वर्षी अभ्यासातून सुटली ती परत रुळावर आली नाहीत. शाळेपर्यंत फायबर पोचावी म्हणून मी पुढची दोन वर्षं लोकांचे उंबरे झिजवले. म्हणून कोणी ती काढायला निघालं की मला गप्प बसवत नाही.

फ्रान्सबद्दल. जानेवारी 2015 चा कायदा तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत मुलं असतात त्या खोल्यांत वायफायला मनाई करतो. प्राथमिक शाळेत मात्र एवढंच म्हणतो की अभ्यासासाठी वापर नसेल तेव्हा बंद ठेवा. सरसकट बंदी नाही. ही काळजी म्हणून घेतलेली खबरदारी आहे, आणि आपणही ती घ्यायला माझी ना नाही.

भीतीचंही शरीरावर चालतं, हे मात्र ध्यानात ठेवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 147 जण होते. काहींना वायफाय घातक आहे असं सांगणारी फिल्म दाखवली, बाकीच्यांना दुसरीच. मग 15 मिनिटं वायफाय सोडतोय असं सांगितलं, प्रत्यक्षात काहीच सोडलं नव्हतं. निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही व्हायला लागलं. फिल्म पाहून धास्तावलेल्यांना जास्त. घरात आठ दिवस तोच मेसेज मोठ्याने वाचला जात असेल तर चौथीतलं लेकरू तो ऐकतं. तिच्यासमोर तरी तो विषय थांबवा.

सही न करता शाळेत जाऊन काय मागायचं ते सांगतो, कारण नुसतं 'काही होत नाही' म्हणून पालकांना परत पाठवणं मला पटत नाही. संगणक एका जागी असतील तर त्यांना केबलनेच जोडा म्हणा. नेट जलदही चालेल आणि लहरींचा प्रश्नच येणार नाही. राउटर मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर. शाळा सुटल्यावर बटण बंद, आणि अवकाळीचे ढग दिसले की प्लग उपटायचा. मे आणि ऑक्टोबरात वीज पडून किती राउटर जळलेले मी पाहिले, मोजदाद नाही.

आणि सगळ्यांत आधी अर्थिंग बघायला लावा. हे कोणत्याच मेसेजमध्ये नसतं. जांभ्या दगडात अर्थिंग धड लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की नावालाच उरतं. संगणकाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात असं मुलं सांगतात आणि मोठी माणसं हसण्यावारी नेतात. ती 230 व्होल्टच्या लाइनमधली गळती असते. पावसाळ्यात ओल्या पायांनी मुलं त्या खोलीत येतात. वायरमन बोलावून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरायला आणि पाणी घालायला सांगा, आणि मेन बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारं बटण, आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा. शाळेजवळ टॉवर असेल आणि त्याची शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर चार हजार रुपये भरून मोजणी करून घेता येते. ग्रुपमधल्या चाळीस पालकांनी शंभर-शंभर काढले तरी होतं.

आता मुलगी. सोमवारपासून एक वही घाला: डोकं केव्हा दुखलं, सकाळी खाऊन गेली का, बाटलीतलं पाणी परत किती आलं, रात्री कधी झोपली, झोपण्याआधी मोबाईल हातात होता का. शाळेच्या संडासात पाणी असतं का हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. रविवारीही दुखतं का हे मुद्दाम लिहा, त्या दिवशी ती शाळेच्या वायफायपाशी नसते. फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करते का ते वर्गशिक्षकांना विचारा आणि ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून आणा. सकाळी उठल्या उठल्या जोरात दुखत असेल, उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आठ दिवसांनी वहीत काय निघालं ते इथे लिहा, मी बघेन.