नमुना ठेव

सांगली, रविवार

चि. लेकीस,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवसापर्यंत अंगावर छान पिणारं बाळ, मग मान टाकली, झटके, व्हेंटिलेटर आणि कागदावर ‘सेप्सिस’, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. ‘सर, जाणाऱ्या लेकराची टाच टोचायला हात धजला नाही.’ कळतं गं. पण तुला बरं वाटावं म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. कल्चर निगेटिव्ह, म्हणजे रक्तात जंतू सापडलेच नाहीत; आई-बाप मामे-आतेभावंडं, आधीचंही एक असंच गेलेलं. म्हणजे संशय चयापचयाच्या आनुवंशिक आजाराचा. एवढं समोर असताना हात आखडायचा नसतो. पुढे आजाराचं नाव शोधायला रक्ताचा नमुना ठेवायचा असतो.

मीही आखडला होता. 1998 सालची दिवाळी. जतकडचं कुटुंब, नवरा बायकोचा सख्खा मामा. तिसरं बाळ माझ्याच पाळीत गेलं. रात्रीचे दोन, लॅबला कुलूप. म्हटलं, आता काय उपयोग? सेप्सिस लिहून सही ठोकली. वर्षभराने ती बाई तीन महिन्यांची गरोदर होऊन आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ह्येचं आधी कळंल का ओ?” तिच्या तीन बाळांपैकी एकाच्याही रक्ताचा ठिपका माझ्याकडे नव्हता. कुठल्या जीनमध्ये शोधणार? चारात एक धोका, एवढंच सांगू शकलो. घरच्यांनी धास्तीने तो गर्भ खाली केला. चारातल्या तीन शक्यता धडधाकट बाळाच्या होत्या.

तेव्हा एक्सोम, म्हणजे जीनचे कामाचे भाग एकदम वाचणारी तपासणी, नव्हती; टँडेम मास, म्हणजे रक्ताच्या ठिपक्यातून असे आजार हुडकणारं यंत्र, आपल्या भागात कुणी पाहिलं नव्हतं, हे मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलंय. पण गाळणकागद होता ना! टाचेच्या रक्ताचा वाळलेला ठिपका तपासणीला पुरतो, हे अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट गथ्रीने 1963 सालीच दाखवलं होतं. त्याला ना लॅब उघडी लागते, ना वीज. सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं, की झालं. तेवढं माझ्याने झालं नाही.

आणि तुझं ते वाक्य, ‘उपचारच नसतील तर नाव कळून काय करायचं?’ त्यावर मी खरंच चिडलो. बायोटिनिडेज या एन्झाइमची कमतरता निघाली तर मूल रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळीवर शाळेत जातं. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात आता 50 लाखांपर्यंत मदत आहे, पण ती नाव लागलेल्या आजाराला. बिननावाच्या मुलाला पन्नास पैसेही नाहीत.

नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँडला दोन मुलं, दोन्ही मतिमंद, अंगाला चमत्कारिक वास. डॉक्टरांनी तिला वाटेला लावलं, तरी ती विचारत राहिली. 1934 साली फॉलिंग नावाच्या डॉक्टरने मुलांची लघवी मागवली, फेरिक क्लोराइड टाकलं आणि रंग गर्द हिरवा झाला. पुढच्या तपासासाठी तिने लिटरवारी लघवी वाहून आणली. त्या मुलांच्या आजाराचा, फेनिलकीटोनयुरियाचा, पहिला पथ्याहार छापून आला तो 1953 साली. तिच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पण त्या बाटल्या नसत्या तर पथ्य कशावर शोधलं असतं? नमुना त्या बाईने ठेवला, डॉक्टरांनी नव्हे.

माझ्या नावावर पेपर किती, हे तू विचारलं नाहीस. बाकी सगळे विचारतात. पुण्याला गेलेल्या मित्रांचे मजले चढले, मी रक्ताच्या ठिपक्यांच्या कार्डांना तारखा घालत बसलो. बसलो तर बसलो. 2019 च्या पुरात वीज गेली, फ्रिजमधली लघवी-प्लाझ्मा सगळं नासलं. कार्डांचा बिस्किटाचा डबा तेवढा मी डोक्यावर धरून बाहेर काढला. तुझी काकू अजून सुनावते, लोकांनी दागिने काढले, ह्यांनी पार्ले! दमटपणाने त्यातली ॲसिलकार्निटाइनं, म्हणजे टँडेम मास शोधतं ती रसायनं, गेली असतील, पण डीएनए टिकतो. त्यातल्या एका कार्डावरून कवठेमहांकाळच्या एका घरातल्या आजाराला पाच वर्षांनी नाव मिळालं, आणि पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर गर्भाची तपासणी करून घेता आली. तो पेपर मी लिहिला नाही. आळस, दुसरं काय! त्याबाबतीत माझं अनुकरण करू नकोस.

आता तुझं. बाळ गेलं, पण सगळं हातचं गेलेलं नाही. आई टाके काढायला येईल, तेव्हा नवऱ्यालाही बोलव. दोघांचं दोन-दोन मिली रक्त, जांभळ्या झाकणाची ट्यूब. त्यातून बाळाच्या आजाराचा माग अंधुक लागतो, पण लागतो. संमती घाईत घेऊ नकोस, खाली बसून बोल; नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. आजीलाही बसव. ‘एक गेलं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब घरोघरी आजीच मांडते. चारात एकाची चिठ्ठी दर खेपेला नव्याने निघते, हे तिला पटेपर्यंत उठू नकोस.

कार्डं संपली असतील तर माझ्याकडची ने. डबा वरच्या फळीवर आहे. मी नसलो तर काकूला सांग, शिडी लागेल.

तुझे सर