रात्री घरी नोंदी भरत बसू नकोस

ओपीडी संपल्यावर रात्रीपर्यंत पेशंटच्या नोंदी संगणकावर टाइप करत बसतोस, हे ऐकून काळजी वाटली. यात तुझा आळस नाही. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांचे पेशंटसोबतच्या दर तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जात होते.

आधी काम वाटून घे. वजन, बीपी, चालू औषधं नर्सने भरावीत, तू तपासावीस. आपल्या सोलापुरात बीपी-शुगरचे नेहमीचे पेशंट आणि यंत्रमाग, विडी कामगारांचा खोकला-दमा रोजचाच. प्रमुखांकडे एक मोकळी दुपार मागून या नेहमीच्या आजारांच्या नोंदींचे टेम्प्लेट, म्हणजे तयार साचे, बनव. ती दुपार वसूल होते. पण जुनी नोंद तशीच कॉपी-पेस्ट करू नकोस, चुकीचा डोस महिनोन्‌महिने पुढे सरकत राहतो.

अक्कलकोटकडची आजी कन्नडमध्ये दुखणं सांगत असेल तेव्हा स्क्रीनकडे पाहूच नकोस. ऐक, तपास, मग तिच्यासमोरच नोंद पूर्ण कर आणि नंतरच पुढचा पेशंट बोलव.

नोंदींच्या सिस्टीमवर उगाच येणाऱ्या अलर्टची यादी आयटीवाल्यांना लेखी दे. सिस्टीम त्यांनीच सुधारायची आहे. आणि झोप उडाली, पेशंटवर चिडचिड व्हायला लागली, तर तडक मला फोन कर. कितीही वाजले असले तरी.