वाचक विचारतात: आधी छताला कान, मग ऑपेराला

(या महिन्याचे पाहुणे सोलापूरचे एक निवृत्त मायनिंग इंजिनिअर. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं आणि नाद लागला ऑपेराचा. मागच्या अंकात त्यांच्याबद्दल चार ओळी छापल्या तर पत्रांचा ढीग आला, त्यातले निवडक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले.)

सोलापूर जिल्ह्यात कोळसा नाही, मग तुम्ही या लाईनला कसे गेलात? (एक शिक्षक, बार्शी)

कोळसा कुठला हो, आपल्याकडे खणाल तिथं काळा फत्तर. वडील मिलमध्ये लूमवर होते, आमच्या अख्ख्या चाळीचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो, नव्या पाहुण्याला वाटायचं भांडण चाललंय. मला मिल नको, एवढं पक्कं होतं. एका सरांनी धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माईन्सचं नाव सांगितलं, १९२६ची जुनी संस्था, आता आयआयटी झालीय. मी आधी नकाशात धनबाद शोधलं, मग फॉर्म भरला. कल्याणला गाडी बदलायची आणि अलाहाबादवरून जाणारी हावडा मेल धरायची. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी, कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून आईनं महिन्याची दिली होती आणि ती मी हॉस्टेलवर पोचायच्या आत अर्धी वाटून टाकली.

खाणीत भीती वाटत नव्हती का? (एक वाचक, अक्कलकोट)

वाटायची की. ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी खाली उतरणार नाही. पण लोकांना वाटतं गॅसचीच भीती. गॅस असतोच, मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते, पण तो मोजता येतो. रोजची भीती असते डोक्यावरच्या छताची. तिकडे छताला चाल म्हणतात.

मला हे शिकवलं एका म्हाताऱ्या मायनिंग सरदारानं, म्हणजे खाणीतल्या मुकादमानं, पुस्तकानं नाही. हातात काठी, तिच्या टोकाला लोखंड. छताला ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड वरच्या थराला धरून आहे. ढब ढब असा पोकळ, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आत थर सुटलाय, मागं सरा. छत बुटकं असेल तर एक तळहात दगडाला सपाट लावायचा आणि दुसऱ्या हातानं काठी मारायची, सुटलेला दगड हाताखाली थरथरतो. आणि लाकडी खांब! सालाच्या लाकडाचे असायचे. दाब वाढला की ते कुरकुरतात, जुनी माणसं म्हणायची लाकूड बोलतंय. लोखंडी खांब ताकदीला जास्त, पण जुन्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणायचे हा मुका आहे, जाताना सांगून जात नाही.

एकदा मी नवखा असताना घाईत होतो, वरून टनांचा आकडा मागत होते, मी म्हटलं काढा लवकर. सरदारानं माझ्याकडे बघितलंही नाही, बोट ओठावर ठेवलं आणि आम्ही सगळे कॅप लॅम्पच्या उजेडात मुक्यानं उभे राहिलो. वरून बारीक माती सांडल्यासारखा आवाज येत होता, जात्यातून पीठ पडतं तसा. आम्ही मागं आलो, अर्ध्या तासानं ती जागा बसली. ज्यांनी आकडा मागितला होता त्यांनी नंतर मलाच मेमो दिला, असो.

ऑपेरा आणि तुम्ही, हे जमलं कसं? (एक गृहिणी, पंढरपूर)

चादरीमुळे, असं आमची बायको म्हणते.

धनबादजवळच्या झरिया भागात मुनीडीह आणि सुदामडीह या दोन खोल खाणी पोलंडच्या मदतीनं उभ्या राहिल्या, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांना तिकडे ट्रेनिंगला पाठवायचे. माझा नंबर १९८६च्या हिवाळ्यात लागला. पोलंडमधलं सायलेशिया म्हणजे कातोवित्सेच्या आसपासचा सगळा खाणींचा मुलूख, त्या वेळी तिथं मटण कूपनवर मिळायचं, बर्फही काळपट पडायचा. तिथल्याच बितोम नावाच्या खाणगावात ऑपेरा हाऊस आहे. आता बघा, कोळशाचं गाव, युरोपातलं महायुद्ध संपून महिना झाला असेल नसेल, आणि १४ जून १९४५ला यांनी ऑपेरा सुरू केला, मोनियुश्को या पोलिश संगीतकाराच्या ‘हाल्का’नं. आम्हाला तिकिटं खाणीतूनच मिळाली.

थंडी अशी की मी ओव्हरकोटच्या आत लाल-काळी सोलापुरी चादर गुंडाळली होती. दारात नियम, कोट काढून द्यायचा. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी कोट घेतला आणि मी चादरीत उभा, गड्ड्याच्या यात्रेत चुकल्यासारखा. बाई हसल्या नाहीत. चादर हातात घेऊन वीण चाचपून बघितली, नीट चार घड्या घातल्या, खुंटीवर कोटाच्या शेजारी ठेवली आणि मला नंबरचा बिल्ला दोन्हीसाठी वेगवेगळा दिला. गिरणीतल्या असाव्यात, हात तसे होते.

खेळही तोच होता, ‘हाल्का’. जमीनदाराच्या पोरानं फसवलेली डोंगराकडची मुलगी, एवढी गोष्ट शेजाऱ्यानं खाणाखुणांनी सांगितली. भाषा शून्य. पण ती बाई गायला लागली आणि मी कानानंच सरसावून बसलो. माईक नाही! खाली साठेक वाजवणारे, आणि एका गळ्याचा आवाज त्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत, खणखणीत. नंतर वाचलं, शिकलेल्या गळ्याची ताकद साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते आणि तिथं ऑर्केस्ट्रा तुलनेनं कमी पडतो. त्या रात्री मला एवढंच कळलं की थर सुटलेला नाही.

मला तर ती नुसती किंचाळी वाटते. (एक वाचक, सोलापूर)

वाटू द्या की. माझ्या मित्राला नाट्यसंगीतही तसंच वाटतं. पण १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं, तेव्हा आपल्याकडे तरी माईक कुठं होता? गळा शेवटच्या बाकापर्यंत गेलाच पाहिजे, तिकडंही तेच. फरक एवढाच की आपला गायक पद रंगलं की गोष्ट थांबवून ताना घेत बसतो, तिकडं बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. मला आपली पद्धत जास्त आवडते, खरं सांगायचं तर. पण चौघं एकदम चार वेगवेगळ्या गोष्टी गातात आणि चारही कळतात, हे आपल्याकडे नाही. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातलं चौघांचं गाणं ऐका, मग मला शिव्या द्या.

माझ्या मुलीला मायनिंगला जायचंय, पाठवू का? (एक पालक, मोहोळ)

पाठवा. पूर्वी बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती, २०१९ला तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्ये परवानगी मिळाली. फक्त तिला आधी एकदा खाली नेऊन आणा, काहींना तो अंधार सोसत नाही.

घरच्यांना वेळ देता आला नाही, याची खंत वाटते? (एक ताई, करमाळा)

मुलगी झाली तेव्हा मी पोलंडमध्ये होतो, तारेनं कळलं. पुढंही शिफ्ट, कॉल, बदल्या. बायकोनं कॉलनीत सगळं एकटीनं ओढलं, ती बोलून दाखवते आणि बरोबरच बोलते.

मुलगी आता जर्मनीत असते. मी रिटायर झाल्यावर तिनं मला वेरोनाला नेलं. तिथं रोमन काळातलं उघडं दगडी रिंगण आहे, १९१३पासून त्यात ऑपेरा होतात. तिकीट वरच्या पायऱ्यांचं, दगड दिवसभराच्या उन्हानं रात्रीपण गरम. ‘रिगोलेत्तो’च होता. दरबारातला विदूषक, मुलीला घरात लपवून ठेवणारा. ती त्याला नाव विचारते, तर तो सांगत नाही, मी तुझा बाप आहे एवढं बास. तेवढ्यात आमची पोरगी कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही पण असंच करायचात. आज खाणीत काय झालं विचारलं की काही नाही.”

मी म्हटलं, तुला कशाला घाबरवायचं.

“मला कळायचंच की. गमबूट दारात काढताना दोन्ही एकदम टाकलेत तर बरा दिवस. एक काढून बराच वेळ दुसऱ्याचा आवाज आला नाही, की मी आईला सांगायचे, आज काही विचारू नको.”

इंटरव्हलला तिनं पिशवीतून आईनं माझ्याबरोबर पाठवलेली कडक भाकरी काढली आणि काडकन मोडली. त्या आवाजानं पुढच्या पायरीवरच्या इटालियन बाई वळल्या, हे काय म्हणून विचारलं, तर आमच्या पोरीनं त्यांच्या हातावरही एक तुकडा ठेवला, वर चटणी घालून. तिखट लागलं त्यांना.