‘सही मीच केली, मॅडम’

पाळलेलं जनावर गेलं म्हणून समुपदेशकाकडे थेट येणारे फार थोडे. बहुतेक जण झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशात मन रमत नाही अशा तक्रारी घेऊन येतात. कुत्र्याचा किंवा मांजराचा विषय उशिरा निघतो, तोही खाली मान घालून. पण एकदा निघाला की त्यामागं बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो. ‘माझ्यामुळं गेला का?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की त्यावर सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. इथं सांगतेय तो अनुभव संबंधितांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

मुलीनं फोन केला होता. “पप्पा दीड महिना झाला नीट जेवत नाहीत. रात्री उठून उंबऱ्यावर जाऊन बसतात.” कुत्रा गेल्याचं तिनं फोन ठेवता ठेवता सांगितलं.

काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले, राहायला शिवाजी पेठेत. खुर्चीच्या कडेवर बसले. हातात प्लास्टिकची फाईल होती. मला वाटलं त्यांचे स्वतःचे रिपोर्ट असतील. ते खंडूचे निघाले. तेरा वर्षांपूर्वी पावसात गल्लीत सापडलेलं गावठी पिल्लू म्हणजे खंडू. लसीचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सलाईनची बिलं, सगळं तारखेनुसार लावलेलं. सगळ्यात खाली चार घड्या घातलेला एक कागद होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही, नुसतं बोट ठेवलं.

“ही इंजेक्शनची संमती. सही मीच केली, मॅडम.” बरं न होणाऱ्या जनावराला त्रास न होता मरण देतात, त्या इंजेक्शनची.

त्या दिवशी मी बराच वेळ खंडूबद्दलच विचारत राहिले. काय खायचा, कुणाला भुंकायचा, रात्री कुठं झोपायचा. काका हळूहळू खुर्चीत मागं टेकले. पहाटे साडेपाचला दोघं रंकाळा तलावावर जायचे, येताना दूध आणायचे, मग चहा आणि चहाबरोबर काकांची बीपीची गोळी. खंडू गेल्यापासून फिरणं बंद, आणि फिरणं बंद म्हणून गोळीही राहून जायची. हे त्यांनी असंच बोलता बोलता सांगितलं. दुःखात अशा गोष्टी चटकन निसटतात, म्हणून औषधांबद्दल मी प्रत्येकाला मुद्दाम विचारते. त्याच संध्याकाळी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ शब्दांत विचारलं. “तसलं काय नाही. पण पहाटे उठायचं कशाला, हे कळत नाही,” ते म्हणाले.

शेजारीपाजारी वाईट नव्हते. ‘कुत्रंच होतं की, दुसरं आणू’ असं म्हणून गेले. एका मित्रानं तर लॅब्राडोरचं पिल्लू बघून ठेवलं होतं. माणूस गेला असता तर चार लोक येऊन बसले असते, घरी डबे आले असते, दहाव्याला हात जोडले असते. इथं दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं चालू. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये या प्रकारच्या शोकाची नीट मांडणी केली. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, ते उघड करता येत नाही, त्याला सोबत मिळत नाही, आणि म्हणून ते जास्त रेंगाळतं. मला याचं कोल्हापुरात विशेष वाईट वाटतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावरून मिरवणारं, बेंदराला बैलांच्या पाया पडणारं हे गाव. जनावराचा लळा काय असतो हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. मी एवढंच विचारलं, “तुमच्या लहानपणी घरचं जनावर गेलं तर काय व्हायचं?” काका थोडा वेळ गप्प बसले. “आमची म्हैस दगावली तेव्हा आईनं चूल पेटवली नव्हती. शेजारनं भाकरी आली. कोण हसलं नव्हतं.” फाईल मांडीवरून टेबलावर गेली ती तेव्हा.

अपराधीपणा मात्र सोबतीनं जात नाही. ‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य मी सहसा लवकर उच्चारत नाही. काकांना ते सगळ्यांनी ऐकवलं होतं, आणि दर वेळी त्यांना वाटलं होतं की समोरच्यानं पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. म्हणून मी उलट मागणी केली. स्वतःवर काय काय आरोप आहेत ते एकेक करून मांडा. आपण एकेक तपासू.

पहिला आरोप उशिराचा. मार्चपासून खंडू पाणी जास्त पीत होता. दिवसातून दोनदा भरायची वाटी चारदा भरावी लागायची. काकांनी म्हटलं, ऊन वाढलंय. अंग उतरलं, ते म्हातारपणावर गेलं. मेमध्ये उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास यायला लागला, तेव्हा दवाखाना. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत काम करते हे ज्यावरून कळतं ते, ७ च्या वर. कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असावं लागतं.

इथं माहितीची गरज असते, धीराची नंतर. किडनीकडे राखीव ताकद खूप असते, त्यामुळं ती खराब होत असताना जनावर बराच काळ ठीक दिसतं. रक्तात क्रिएटिनिन वाढल्याचं कळतं तोवर साधारण तीन-चतुर्थांश काम थांबलेलं असतं. म्हाताऱ्या कुत्र्यातला हा जुना आजार बरा होत नाही. पथ्याच्या आहारानं आणि औषधांनी त्याचा वेग कमी करता येतो. मार्चमध्ये तपासणी झाली असती तर कदाचित काही महिने जास्त मिळाले असते, हेही मी काकांपासून लपवलं नाही. खोटा दिलासा अशा माणसाला लगेच कळतो, आणि मग तो खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

मग कागदावर दोन रकाने केले. मार्चमध्ये मला काय माहीत होतं, आणि नंतर काय कळलं. काकांचं अक्षर आखीव. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘पाणी पितो. ऊन आहे. जेवतो. रंकाळ्यापर्यंत चालतो. शेपूट हलवतो.’ बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात गेलं. बराच वेळ त्या कागदाकडं बघून म्हणाले, “हे म्हणजे जॉब उतरवून झाल्यावर ड्रॉइंग हातात दिल्यासारखं झालं.” मी त्यात काही भर घातली नाही.

दुसरा आरोप नेमका उलटा होता, घाईचा. “त्या दिवशी सकाळी त्यानं शेपूट हलवली होती. बिस्किटाचा तुकडा चाटला. मी थांबायला पाहिजे होतं.”

एकच माणूस स्वतःवर उशीर केल्याचा आणि घाई केल्याचा असे दोन्ही ठपके ठेवतो, हे मी वारंवार पाहते. मनाला असा एखादा क्षण सापडायला हवा असतो, जिथं आपण वेगळं वागलो असतो तर तो आज जिवंत असता. तो क्षण सापडला तर दोष आपल्याकडे येतो, पण निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं तरी वाटतं. आपल्या हातात काहीच नव्हतं, हे सोसणं त्याहून अवघड जातं. त्यामुळं माणूस दोष सोडायला तयार होत नाही, आणि त्याच्याकडून तो ओढून घेऊही नये.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी २००४ मध्ये आजारी जनावराच्या शेवटच्या दिवसांसाठी एक मोजपट्टी सुचवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर जनावराचं जगणं सुसह्य आहे असं मानायचं. ही पट्टी खरं तर निर्णयाआधी वापरायची. गेल्यानंतर ती प्रत्येकाच्या हातात देऊ नये, एखादा तिचाच फास करून घेतो. पण काकांचं आयुष्य मायक्रोमीटर हातात धरण्यात गेलेलं. त्यांना आकडा हवा होता.

त्यांनी शेवटच्या आठवड्याचे गुण स्वतः भरले. भूक एक. पाणी सलाईनवर, म्हणून दोन. मागचे पाय उचलत नव्हते, अंगाखालीच लघवी व्हायची आणि त्यानं खंडू ओशाळायचा. तिथं त्यांनी शून्य टाकलं आणि पेन खाली ठेवला. “बाहेर न्या म्हणून माझ्याकडं बघायचा. आयुष्यात घरात कधी घाण केली नव्हती त्यानं.” आनंदाला चार दिले, त्या हललेल्या शेपटीचे. बेरीज पंधराच्या आसपास आली. ती त्यांनी दोनदा तपासली.

तिसरा आरोप मात्र काही भेटी गेल्यावर आला. त्या दिवशी मुलगीही सोबत होती.

“मी आत गेलोच नाही. बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. पाय उचलले नाहीत. तेरा वर्षं पायात घुटमळला आणि शेवटच्या टायमाला मी बाहेर.”

यावर रकाने करण्यासारखं काही नव्हतं. ते आत गेले नव्हते, हे खरं होतं. कारण समजण्यासारखं होतं, तरी ते खरंच होतं. सगळे आरोप तपासून झाल्यावर असा एखादा तुकडा उरतो, तो माणसाचा स्वतःचा असतो. त्याची समजूत घालायला गेलो तर आधीचं सगळं वाया जातं. मी विचारलं, “आत काय झालं, हे तुम्ही कधी विचारलंत?” त्यांनी मान हलवली. मुलगी म्हणाली, “मी पण सांगितलं नाही. पप्पांना त्रास होईल म्हणून.” दीड-दोन महिने एका घरात राहून दोघं एकाच गोष्टीभोवती गप्प होते.

तिनं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं खंडूनं मान टाकली. “घोरायला लागला, पप्पा. दुपारी तुमच्या कॉटखाली घोरायचा तसा.” मग पुढच्या पायाच्या शिरेतून दुसरं इंजेक्शन. तिचा हात त्याच्या पोटावर होता.

काकांनी विचारलं, “मला शोधत होता काय?”

ती लगेच बोलली नाही. “सुरुवातीला एकदा दाराकडं बघितलं. मग टॉवेलात नाक घातलं. तुमचा निळा टॉवेल, तुम्ही गाडीत त्याच्या अंगाखाली घातला होता तो.”

टॉवेल आपणच घातल्याचं काकांच्या लक्षातच नव्हतं. ते रडले, मोठ्यानं रडले. मुलीनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसंच उभं राहून ती म्हणाली, “मला पण एक सांगायचंय. डॉक्टर म्हणाले गेला, आणि त्याच्यानंतर त्याचं पोट हललं. दोनदा. श्वास घेतल्यासारखं. डोळे पण उघडेच होते. मला वाटलं, अजून जिवंत आहे आणि आपण त्याला तसंच...” पुढं तिला बोलता येईना.

हे अनेकांच्या मनात घर करून बसतं, म्हणून नीट सांगते. दुसरं इंजेक्शन म्हणजे भुलीच्या प्रकारच्या औषधाचा मोठा डोस. शिरेतून गेल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते, पुढच्या काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतरही छातीचे-पोटाचे स्नायू एक-दोनदा आकसू शकतात, ते श्वासासारखं दिसतं. कधी लघवी होते, अंगावर थरथर उठते. डोळे बहुधा उघडेच राहतात, कारण ते मिटून ठेवायला स्नायूंची ताकद लागते. जनावराला यातलं काही जाणवत नसतं. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं तर नातेवाइकांची कितीतरी रात्रींची तडफड वाचेल, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर सांगत नसतील तर आपण विचारावं, नंतर विचारलं तरी चालतं. मी तिला त्यांच्याच डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. त्यांनी तिला वेळ देऊन हेच समजावलं.

खंडूला वडणग्यात काकांच्या भावाच्या शेतात पुरलं होतं. पुढच्या रविवारी काका तिथं एकटे जाऊन आले. ‘जे बोलायचं ते बोललो’ एवढं म्हणाले, मी जास्त विचारलं नाही. बीपीची गोळी आता चहाच्या बरणीशेजारी असते. फिरणं सुरू झालंय, पहाटेऐवजी संध्याकाळी. काही दिवस बरे जातात, मग एखादं गावठी कुत्रं मागं मागं येतं आणि रात्रीची झोप जाते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचं वर्णन असंच केलंय, दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटून पालटून झुकणं. एखादा वाईट दिवस आला म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असं धरू नये. पण झोप, जेवण, कामधंदा आठवडेच्या आठवडे जागेवर येत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर थांबू नये. मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथं कुत्र्याचं कसं सांगू, हा संकोच करू नका.

लॅब्राडोरच्या पिल्लाला काकांनी सध्या नको म्हटलंय, आणि मी त्यांना त्यावर काही सुचवलेलं नाही. घरात सहा वर्षांचा नातू आहे. त्याला ‘खंडू गावाला गेलाय’ असं सांगितलं होतं आणि तो दर रविवारी गावाला जायचा हट्ट धरायचा. इतक्या लहान मुलांना ‘झोपवलं’ असंही सांगू नये, काही मुलं त्यानंतर झोपायलाच घाबरतात. खंडू खूप आजारी होता, तो मेला, त्याचं शरीर आता चालत नाही, त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही, असं साध्या शब्दांत सांगायचं ठरलं. सांगितलं काकांनीच. नातवानं विचारलं, “तुम्ही रडला काय?” काकांनी हो म्हटलं.

मुलीनं पुढच्या आठवड्यात स्वतःसाठी वेळ घेतली आहे.