वाचक विचारतात : जगण्याची ओढ लावणारे चित्रपट

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एक चित्रपट दाखवायचं ठरलं आहे. जगायची उमेद वाढवणारे हवेत. पण 'आनंद' नको, त्यात आजारपण आहे, असं काही सभासद म्हणतात. काय दाखवावं? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : सुरुवात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने (२००९) करा. परेश मोकाशींचा हा चित्रपट दीड तासाच्या आसपास संपतो, त्यामुळे मध्यांतराशिवायही चालतो. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढण्यासाठी दादासाहेब फाळके घरातलं सामान विकतात, डोळे जाता जाता वाचतात, तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळत नाही म्हणून साळुंक्यांना साडी नेसवतात; पण रडगाणं कुठेच नाही. सगळं घर त्या खटाटोपात रमलेलं दिसतं.

'आनंद' (१९७१) मात्र वगळू नका. आनंद आता या जगात नाही, हे हृषिकेश मुखर्जी सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्यामुळे 'वाचेल का?' ही धाकधूक उरत नाही. अनोळखी माणसाला 'मुरारीलाल' अशी हाक मारून दोस्ती करणारा आनंद मोकळेपणाने बघता येतो.

तिसरा, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'इकिरू' (१९५२). नावाचा अर्थच 'जगणं'. पोटाचा कर्करोग झालेला, वर्षानुवर्षं फायलींवर शिक्के मारत आलेला एक सरकारी अधिकारी मुलांसाठी बाग उभी करून घेतो. लांबी सुमारे १४३ मिनिटं, म्हणून मध्यांतर लागणारच, आणि गोंधळ होतो तो इथेच. नायक हातात खेळण्यातला ससा घेऊन हॉटेलचा जिना उतरतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत परततो, तिथे थांबा. पुढचा प्रसंग पाच महिन्यांनंतरचा आहे : नायकाचा फोटो मांडलेला आणि सहकारी त्याच्याबद्दल बोलत बसलेले. मध्यांतर त्याच्यानंतर घेतलंत, तर चहा पिऊन आलेल्यांना आठवणीतले प्रसंग आणि चालू प्रसंग वेगळे काढता येत नाहीत.

प्रश्न : परदेशी चित्रपटाची सबटायटल्स सुरुवातीला जुळतात, तासाभराने पार मागे-पुढे होतात. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : सबटायटल्सची फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीची आणि चित्रपट २३.९७६ चौकटींचा, असं झालं असणार. तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' दाबून सबटायटल्स ५० मिलिसेकंदांनी सरकतात, पण या दोषावर तो इलाज नव्हे. फरक वाढतच जातो. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाच्या चौकटी) बदलून फाइल पुन्हा जतन करा. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करा आणि देवनागरी फॉन्ट निवडा. आदल्या दिवशी सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी तपासा. नुसती सुरुवात बघून हा दोष कळतच नाही.

प्रश्न : गच्चीवर दाखवावा की हॉलमध्ये? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जून ते सप्टेंबर हॉलच. गच्चीसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम; सातला पुरेसा अंधार असतो. मे महिन्यात अंधार पडायला साडेसात वाजतात, आणि उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर चालत नाही, म्हणजे 'इकिरू' बसतच नाही.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी तो पडद्यापासून १२ फुटांवर ठेवा. 'इकिरू'चं चित्र जुन्या, चौकोनी घडणीचं आहे. त्याच पडद्यावर ते सुमारे ६ फूटच रुंद दिसेल. ते ताणून पडदा भरू नका, माणसं बुटकी दिसतात. जुन्या चित्रपटांचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, असतो. एकच चांगला स्पीकर पडद्याखाली, बसलेल्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवा आणि तो तारेने जोडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो.

घरच्या ओटीटी वर्गणीत असं सामूहिक प्रदर्शन बसत नाही. निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या, आणि तारीख जाहीर करण्याआधी घ्या.