विंडलास (नांगर वर ओढायचं यंत्र) साखळी नीट उचलतो, पण दोरावर घसरतो. क्लच बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की बोट ३० फुटी आहे, ८ मिमी साखळीला १४ मिमी नायलॉनचा दोर जोडलाय, आणि नांगर उचलताना दोर असेपर्यंत चाक नुसतं गरगरतं. साखळी लागली की सगळं सुरळीत. मेकॅनिक क्लच, म्हणजे चाकाला मोटरच्या दांड्याशी जखडून ठेवणारा भाग, बदला म्हणतोय.

इतक्यात बदलू नका. नांगर तळातून सुटतो तेव्हा चाकावर साखळी असते आणि सगळ्यात जास्त जोर बहुधा तेव्हाच लागतो. तो जोर क्लच पेलतोय, तर त्याआधी दोरावर तो का घसरेल? खात्रीच हवी असेल तर चाक आणि त्यावरची टोपी यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढा. घसरल्यानंतर रेघ तुटलेली दिसली तर दोष क्लचचा, जुळलेलीच राहिली तर दोराचा.

साखळीची कडी चाकाच्या खाचेत अडकते, तिला घसरायला वाव नसतो. दोर मात्र निव्वळ घर्षणावर चालतो. चाकाच्या निमुळत्या खोबणीत तो पाचरीसारखा रुतावा लागतो आणि पलीकडून, म्हणजे दोर-साखळी साठते त्या खालच्या खणाकडून, त्याला थोडा तरी ताण असावा लागतो. खणात दोराचा ढीग चाकापर्यंत आला की हा ताण संपतो आणि पकडही जाते. म्हणून आधी खण उघडून बघा. चाकाखाली फूटभर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे.

मग विंडलासचा विजेचा ब्रेकर बंद करून (हे विसरू नका, बोटं जातात) दोराला खोबणीत दाबून धरणारा स्प्रिंगचा दांडा हाताने उचलून सोडा. तो झटक्यात परत बसला पाहिजे. मिठाने जाम झालेला, सुस्तावलेला दांडा मी अनेक बोटींवर पाहिलाय. गोड्या पाण्याने धुऊन, सांध्याला वंगण देऊन बहुतेक वेळा भागतं. स्प्रिंग गंजली असेल तर बदला. वंगणाचा थेंब खोबणीत पडू देऊ नका.

आता खोबणी. टॉर्च मारून बघा. तळाशी चकचकीत पट्टा दिसला तर दोर बाजूंना न रुतता तळाला टेकतोय. म्हणजे एक तर चाक झिजलंय, नाही तर दोर चाकाला बारीक आहे. चाकावर किंवा माहितीपुस्तिकेत दोराचं माप दिलेलं असतं. चाक १६ मिमीचं असेल तर १४ चा दोर त्यावर नीट चालणार नाही. कानशीने खोबणी खरबरीत करायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. ऐकू नका, दोराचं सूत तुटून जाईल.

दोर जुना असेल तर तो हातात घेऊन वाकवा. मीठ आणि उन्हाने काठीसारखा ताठ झालेला दोर खोबणीत वळतच नाही. रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा, पाणी बदला, शेवटच्या पाण्यात थोडं कपडे मऊ करायचं द्रावण घाला. कुठे वितळल्यासारखा गुळगुळीत, कडक तुकडा लागला तर चाक त्याच जागी बराच वेळ फिरलंय. तेवढा भाग कापून टाका किंवा दोरच बदला. नवा घेताना तीन पेडांच्या पिळाच्या दोरापेक्षा आठ पेडांचा विणलेला घ्या, तो मऊ असतो आणि खणात नीट पसरतो. पण तो तुमच्या चाकाला चालतो ना, हे पुस्तिकेत बघून घ्या.

एवढं करूनही वारं असताना घसरत असेल, तर तुम्ही विंडलासने बोट ओढताय. त्याचं काम दोर आणि नांगर उचलण्याचं आहे. इंजिन हळू पुढे टाका, दोर सैल पडू द्या, मग बटण दाबा. मुंबई बंदरासारख्या चिखलाच्या तळात नांगर रुतून बसला असेल तर दोर नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) खुंटीला बांधा आणि तो सोडवायचं काम इंजिनला करू द्या. वर येणारा दोर बादलीभर पाण्याने धूत राहा, कारण तो गाळ खोबणीत ग्रीसचं काम करतो.