वाचकांचे प्रश्न : ‘व्हर्जन कोणतं?’ असं विचारलं तर कुठे बघायचं

प्रश्न : ताई, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक आहे. त्याला कॅमेरा जोडून मूग रुजतानाचे फोटो दर तासाला काढायचे, असं मुलांनी ठरवलं. पुस्तकात दिलेली ‘रास्पिस्टिल’ ही फोटो काढायची कमांड दिली, तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. ज्या सरांनी हे बसवलं त्यांची बदली झाली आहे. ओळखीच्या एका इंजिनिअरला फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न : ओएसचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं, व्हर्जन कोणतं? मी ‘युनेम’ची कमांड देऊन आलेला आकडा सांगितला, ५.१०.६३ आणि पुढे व्ही७ अधिक. ते म्हणाले, हे ते नव्हे. मग ते कुठे असतं?
— एक शिक्षक, तासगाव

उत्तर : सर, तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे, पण तो कर्नलचा आहे. कर्नल म्हणजे लिनक्स या प्रणालीचा गाभा. एसटीच्या इंजिनाचा नंबर सांगून गाडी कुठे चालली ते कळत नाही, त्यासाठी पुढचा बोर्ड वाचावा लागतो. तुमच्या बाबतीत तर हा घोळ अगदी नेमका होतो. ५.१० मालिकेचं कर्नल ‘बस्टर’ या ओएसच्या शेवटच्या काळातही होतं आणि तिच्यानंतरच्या ‘बुल्सआय’च्या सुरुवातीलाही. त्यामुळे त्यावरून ओएस ओळखताच येत नाही.

बोर्ड वाचायची जागा सांगते. फोनवर माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे, तशीच एकेक कळ सांगते. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा : सी, ए, टी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ, ई, टी, सी, पुन्हा तिरकी रेघ, ओ, एस, आडवी छोटी रेघ आणि ‘रिलीज’ हा शब्द. मोकळी जागा फक्त ‘कॅट’नंतर, बाकी सगळं सलग. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या कळीवरची घ्या, उलटी नको. एंटर.

नऊ-दहा ओळी येतील. ‘प्रीटी नेम’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे ‘रास्पबियन जीएनयू/लिनक्स’, पुढे १० किंवा ११ असा आकडा आणि कंसात एक नाव दिसेल. तेच तुमचं व्हर्जन. ‘रास्पबियन’ वाचून गोंधळू नका. २०२० मध्ये या प्रणालीचं नाव बदलून ‘रास्पबेरी पाय ओएस’ केलं, तरी ३२ बिटच्या प्रतीत ही फाइल जुनंच नाव सांगत राहिली. ६४ बिटच्या प्रतीत त्याच ओळीत ‘डेबियन’ असतं. दोन्हींचा पाया डेबियन ही लिनक्स प्रणालीच. आकडा आणि नावाची जोडी अशी लक्षात ठेवा : १० बस्टर, ११ बुल्सआय, १२ बुकवर्म, १३ ट्रिक्सी. ही ‘टॉय स्टोरी’ या गाजलेल्या सिनेमामालिकेतल्या पात्रांची नावं आहेत. मुलांना हे सांगा, त्यांना नावं लवकर लक्षात राहतील.

तुमच्याकडे बहुधा ११ निघेल. रास्पिस्टिल सापडत नाही, हाच त्याचा पुरावा. बस्टरपर्यंत ती कमांड तयार मिळायची. बुल्सआयमध्ये कॅमेऱ्याची सगळी व्यवस्था बदलली आणि तिच्या जागी ‘लिबकॅमेरा-स्टिल’ आली. बुकवर्ममध्ये तिचंही नाव बदलून ‘आरपिकॅम-स्टिल’ झालं. म्हणजे पुस्तक चुकीचं नाही, मुलंही चुकलेली नाहीत. पुस्तक एका ओएसचं आणि पायच्या मेमरी कार्डात दुसरी, एवढंच झालं आहे.

हे मी अनुभवाने सांगते. २०२२ च्या सुरुवातीला आमच्या तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेत हेच घडलं होतं. कॅमेरा चालत नाही म्हणून मी आधी रिबनची केबल काढून परत बसवली, निळी बाजू कुठे असायला हवी ते तीनदा तपासलं, मग नवी केबल आणली, शेवटी नवा कॅमेराही मागवला. दोन दिवस गेले. एका मुलीने सहज ही फाइल उघडून दाखवली, तेव्हा कळलं की आदल्या आठवड्यात कार्डावर नवी प्रत लिहिली गेली होती. कॅमेरा पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. तेव्हापासून मी कुठल्याही रास्पबेरी पायसमोर बसले की सगळ्यात आधी ही ओळ वाचते.

इंजिनिअरसाहेबांना आणखी दोन गोष्टी लागतील. एक, बोर्ड कोणता. ते बोर्डावरच पांढऱ्या अक्षरांत छापलेलं असतं, डबीतून काढून वाचा. दुसरी, ३२ बिट की ६४. तुमच्या ‘व्ही७ अधिक’वरूनच ३२ बिट कळतं. पण रास्पबेरी पाय ४ कुणाकडे असेल तर कर्नलवर विसंबू नका. २०२३ पासून ३२ बिट ओएसखालीही तिथे ६४ बिटचं कर्नल चालतं आणि युनेम ‘एआर्च६४’, म्हणजे ६४ बिट, सांगतं. तिथे ‘गेटकॉन्फ’, मोकळी जागा, मग मोठ्या अक्षरांत ‘लाँग’, खालची रेघ, ‘बिट’ असं द्या. उत्तर नुसतं ३२ किंवा ६४ येतं आणि ते ओएसचं असतं.

सध्याच्याच कार्डावर १० चं ११ किंवा ११ चं १२ करत बसू नका. रास्पबेरी पायवालेही मोठ्या बदलासाठी कोरी प्रत लिहायलाच सांगतात. पुढे कधी ओएस बदलायची ठरलीच तर नवीन कार्ड घ्या आणि सरांनी बसवलेलं जुनं कार्ड पाकिटात घालून वर नाव व आकडा लिहून कपाटात ठेवा. त्यात त्यांची मेहनत आहे. पण मुगाचे फोटो काढायला नवीन काहीच नको. लिबकॅमेरा-स्टिल, मोकळी जागा, आडवी रेघ आणि ओ, मोकळी जागा, मग फोटोचं नाव. एवढ्यावर मुलांचा पहिला फोटो निघायला हवा.

प्रश्न : मुलगा कॅनडाला जाण्यापूर्वी राउटरला एक रास्पबेरी पाय ४ जोडून गेला. त्याला स्क्रीन नाही, पासवर्ड मला माहीत नाही. तो फोनवर व्हर्जन विचारतो. कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं तर कळेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बरंचसं कळेल. आधी हिरवा दिवा लुकलुकायचा थांबलाय ना ते थोडा वेळ पाहा, मगच वीज बंद करून कार्ड काढा.

आता महत्त्वाचं. विंडोजमध्ये कार्ड घातल्यावर ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ अशी खिडकी येईल. कॅन्सल दाबा, ती पुन्हा आली तर पुन्हा कॅन्सल दाबा. कार्डावरचा मोठा भाग लिनक्सच्या पद्धतीचा असतो, विंडोजला तो वाचता येत नाही म्हणून ती असं विचारते. तिथे ‘हो’ म्हटलंत तर मुलाने केलेलं सगळं जाईल.

लहान भाग मात्र उघडतो. त्यात ‘इश्यू’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत वर्ष, महिना, दिवस अशी तारीख असते. ती मूळ प्रत कधी तयार झाली त्याची तारीख, नंतर केलेले अपडेट तिच्यात दिसत नाहीत. ढोबळ हिशेब असा : २०१९ च्या मध्यापासून बस्टर, २०२१ च्या शेवटापासून बुल्सआय, ऑक्टोबर २०२३ पासून बुकवर्म, ऑक्टोबर २०२५ पासून ट्रिक्सी. मागच्या ओएसची ‘लेगसी’ प्रतही बरोबरीने निघत असते, त्यामुळे हा अंदाजच समजा.

पक्कं उत्तर हवं असेल तर ओळखीत कुणाच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे का बघा. त्यावर मोठा भागही उघडतो. त्यात ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘ओएस-रिलीज’ उघडा आणि वर सरांना सांगितलेली ओळ मुलाला जशीच्या तशी वाचून दाखवा. त्यातलं काही बदलू नका. मग कार्ड जागेवर बसवून वीज द्या. घरातलं इंटरनेट त्याच्यातून जात असेल, तर ते सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतील.